‘इलायची’ची फिल्म घ्यायची की नाही? तंबाखूशी जोडलेल्या नावांच्या जाहिराती : कायदा, करार आणि आपली जबाबदारी

कट_टू_कट
नमस्कार मंडळी. जाहिरातपट करणाऱ्या छोट्या निर्मितीसंस्थांना उपयोगी पडावा म्हणून हा धागा. प्रश्न मोघम नको, म्हणून उदाहरण पक्कं करून घेऊ.

समजा, एजन्सीकडून ४० सेकंदांच्या फिल्मची स्क्रिप्ट आली. कागदावर वस्तू आहे ‘चांदीचा वर्ख लावलेली इलायची’. त्याच नावाचा पानमसाला बाजारात आहे आणि त्याच नावाची तंबाखूची वेगळी पुडीही आहे. स्क्रिप्टमध्ये राजवाडा, काळी गाडी, दोन मोठे नट, ब्रँडची वर्षानुवर्षं ऐकलेली टॅगलाइन आणि शेवटी पॅकशॉट, म्हणजे पुडीचं जवळून दर्शन. वेलदोडा दिसतो दीड सेकंद. तंबाखू कुठेच नाही.

अशी फिल्म कायद्यात बसते का? नाही बसली तर अडकतो कोण? फक्त कंपनी, की दिग्दर्शक आणि प्रॉडक्शन हाउसही? खाली आरोग्याचा इशारा टाकला तर सुटका होते का? आणि कायद्यात बसत असली तरी करावी का? जाणकारांनी कलमांसकट लिहावं.

कोर्टकचेरी
मूळ कायद्यापासून सुरुवात करू. सिगारेट आणि अन्य तंबाखूजन्य पदार्थ कायदा, २००३. सगळे त्याला ‘कोटपा’ म्हणतात. त्याच्या अनुसूचीत दहा प्रकार आहेत. सिगारेट, विडी, सिगार, हुक्क्याची तंबाखू, खाण्याची तंबाखू, तपकीर, तंबाखू असलेला पानमसाला, गुटखा. इतकंच काय, तंबाखू असलेली दंतमंजनंसुद्धा त्यात आहेत. म्हणजे आपली मशेरीही सुटत नाही.

जाहिरातीचं कलम आहे ५. पोटकलम १ लोक अर्धवट वाचतात. त्यात तीन वेगवेगळ्या माणसांना मनाई आहे. तंबाखूचं उत्पादन, पुरवठा किंवा वितरण करणाऱ्याने जाहिरात करायची नाही. माध्यम ज्याच्या ताब्यात आहे त्याने ती होऊ द्यायची नाही. आणि तिसरं, आपल्या प्रश्नासाठी सर्वांत महत्त्वाचं : तंबाखूचा वापर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे सुचवणाऱ्या जाहिरातीत ‘कोणत्याही व्यक्तीने’ भाग घ्यायचा नाही. इथे ‘कंपनी’ किंवा ‘मॉडेल’ असा शब्द नाही. त्यामुळे ‘आम्ही फक्त शूट केलं’ हा बचाव कलमाच्या शब्दांपुढे फार तोकडा पडतो.

शिक्षा कलम २२ मध्ये. पहिल्या दोषसिद्धीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नंतरच्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० पर्यंत दंड. दंडाची रक्कम बघून लोक हा कायदा हसण्यावारी नेतात; कैदेचा भाग वाचतच नाहीत. कलम २३ प्रमाणे जाहिरात आणि जाहिरातीचं साहित्य जप्त होऊ शकतं. गुन्हा कंपनीचा असेल तर कलम २६ आहे : संचालक किंवा व्यवस्थापकाच्या संमतीने वा हलगर्जीने तो घडला असेल, तर तेही जबाबदार. प्रॉडक्शन हाउस प्रायव्हेट लिमिटेड असलं तरी त्याच्याआड लपता येत नाही.

आता ‘अप्रत्यक्ष’ म्हणजे काय? ते २००५ च्या नियमांत सांगितलं आहे. तंबाखूचं नाव दुसऱ्या वस्तूच्या, सेवेच्या किंवा कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी वापरणं. उलट बाजूने, दुसऱ्या वस्तूचं प्रसिद्ध नाव तंबाखूला लावून ती विकणं. तंबाखूच्या एखाद्या ब्रँडशी जोडले गेलेले रंग, मांडणी, सादरीकरण वापरणं. दुसऱ्याच वस्तूच्या जाहिरातीत तंबाखू किंवा धूम्रपानाचे प्रसंग दाखवणं. तुमची स्क्रिप्ट या चार कसोट्यांवर घासून बघा. पहिली आणि तिसरी तर सरळच लागतात.

कट_टू_कट
धन्यवाद, कोर्टकचेरी. इशाऱ्याबद्दल राहिलं. ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो’ अशी पट्टी खाली टाकली की काम भागतं, असं एजन्सीवाले हमखास सांगतात.

तिठा
हा घोटाळा फार पसरलेला आहे, म्हणून नीट लिहितो. पट्टीचा नियम चित्रपट, मालिका आणि ओटीटीवरच्या कथात्मक मजकुरासाठी आहे. जाहिरातीसाठी नाही.

चित्रपटांचे नियम २०११ च्या अधिसूचनेने आले आणि २०१२ मध्ये बदलले. आजची व्यवस्था अशी : तंबाखूचा वापर दाखवणाऱ्या चित्रपटात सुरुवातीला आणि मध्यंतराच्या सुमारास किमान ३० सेकंदांचा आरोग्यसंदेश, तसंच दोन्ही ठिकाणी किमान २० सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन, आणि पडद्यावर तंबाखू दिसते तेवढा वेळ तळाशी स्थिर इशारा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं, वाचता येतील अशी, चित्रपटाच्याच भाषेत. थिएटरमध्ये दिसलेली भुसावळच्या मुकेशची चित्रफीत याच व्यवस्थेतली. ओटीटीला हे सगळं १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झालं; ती अधिसूचना ३१ मे २०२३ ची.

पण त्याच नियमांत ब्रँडचं नाव दाखवायला आणि पाकिटाचा क्लोजअप घ्यायला मनाई आहे. म्हणजे कथेतल्या पात्राने विडी ओढली तर इशारा टाकून चालतं. पात्राच्या हातात पाकीट ब्रँडसकट दिसलं आणि त्याचे पैसे घेतले, तर पट्टीने काही वाचत नाही. ते प्रायोजित दर्शन झालं, थेट कलम ५.

सेटवर हर्बल सिगारेट वापरली म्हणूनही इशारा टळत नाही. प्रेक्षकाला दिसतो तो धूर आणि दिसते ती सिगारेट. संकलनाच्या टेबलावर आणखी एक चूक होते. इशारा मूळ लांबीवर बसवतात आणि नंतर ट्रेलर, १० सेकंदांचा टीझर, उभी रील कापताना तो गळतो. शिवाय उभ्या चौकटीत तळाची पट्टी मोबाइलच्या बटणांखाली जाते. प्रत्येक कट वेगळा तपासावा लागतो.

माध्यमगणित
टीव्हीचा भाग मी घेतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४, नियम ७(२)(आठ). तंबाखू, मद्य आणि इतर मादक पदार्थांची प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरात बंद. २००९ मध्ये त्याला परंतुक (अपवादाची पुस्ती) जोडलं गेलं. तेच नाव दुसऱ्या खऱ्याखुऱ्या वस्तूचं असेल तर जाहिरात दाखवता येते, पण अटी आहेत : दृश्यांत फक्त जाहिरात केलेली वस्तूच हवी, बंदी असलेल्या वस्तूचा उल्लेख, सूचक शब्द, तिचे रंग, मांडणी किंवा तिच्या जाहिरातीत नेहमी दिसणारे प्रसंग नकोत. शिवाय प्रसारणापूर्वी सेन्सॉर मंडळाने ती बघून सर्वांसाठी योग्य असल्याचं प्रमाणपत्र द्यायला हवं. ४० सेकंदांत दीड सेकंद वेलदोडा, हे गणित पहिल्याच अटीवर नापास होतं.

दुसरी पायरी ॲस्की, म्हणजे ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया. १९८५ पासूनची स्वयंनियमन संस्था, मुख्यालय मुंबईत. ‘ती सरकारी नाही, तिचं कोण ऐकतो’ असं म्हणणाऱ्यांनी नियम ७(९) वाचावा : ॲस्कीच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात केबलवर दाखवायचीच नाही. म्हणजे टीव्हीपुरतं त्या संहितेला कायद्याचं बळ आहे.

आता आकडे. ब्रँडचा विस्तार खरा आहे की नावापुरता, हे ॲस्की विक्रीवरून ठरवते. वस्तू दोन वर्षांहून जुनी असेल तर देशभरात वर्षाला ५ कोटी किंवा ज्या राज्यात विकली जाते तिथे राज्यागणिक १ कोटी उलाढाल. नवी असेल तर सुरुवातीपासून महिन्याला २० लाखांहून जास्त विक्री, किंवा फक्त त्याच वस्तूसाठी स्थिर मालमत्तेत किमान १० कोटींची गुंतवणूक. हे सगळं स्वतंत्र संस्थेने किंवा सनदी लेखापालाने प्रमाणित केलेलं हवं.

जाहिरातीच्या खर्चालाही कमाल मर्यादा आहे. पहिली दोन वर्षं उलाढालीच्या २०० टक्के, तिसऱ्या वर्षी १००, चौथ्या वर्षी ५०, त्यापुढे ३०. त्यात माध्यमखर्चाबरोबर फिल्म बनवण्याचा खर्च आणि नटांच्या मानधनाची वार्षिक सरासरीही धरायची. उदाहरणादाखल गणित करा. इलायचीची उलाढाल १२ कोटी आणि वस्तू बाजारात येऊन सहावं वर्ष. मर्यादा झाली ३ कोटी ६० लाख. दोन मोठे नट, राजवाड्याचं भाडं आणि क्रिकेटच्या सामन्यांतले स्लॉट एवढ्या पैशांत बसतात का, हे कोणत्याही निर्मात्याला अंदाजपत्रक न उघडताही कळतं. उरलेले पैसे कोणत्या मालाच्या नफ्यातून येतात, हा खरा प्रश्न आहे.

पाचवा_पडदा
माझं मत थोडं वेगळं आहे. एकाच नावाने दोन वस्तू विकणं गुन्हा नाही. वेलची खाण्याने कोणाला कर्करोग होत नाही. एखाद्या उद्योगसमूहाचा पंखाही असतो, हॉटेलही असतं आणि तंबाखूही असते. मग त्याने पंख्याची जाहिरातही करायची नाही का? रेघ ओढायची ती कायद्याने ओढावी. प्रत्येक निर्मात्याने स्वतःची वेगळी रेघ ओढली, तर लहान युनिटमधल्या लाइटमनचं आणि स्पॉटदादांचं काम जातं आणि फिल्म शेवटी दुसरा कोणी करतोच.

कोर्टकचेरी
पाचवा_पडदा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि कायद्यानेही तो विचारात घेतला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहावं कलम आडून केलेल्या जाहिरातींविषयी आहे. बंदी असलेल्या वस्तूची ती जाहिरात असल्याचं सुचवलं, किंवा त्या वस्तूशी जोडलेलं नाव, बोधचिन्ह, रंग, मांडणी, सादरीकरण वापरलं, तर जाहिरात आडमार्गाची ठरते. लगेच परंतुक आहे : केवळ नाव समान आहे एवढ्यावरून जाहिरात आक्षेपार्ह ठरणार नाही, जर ती इतर बाबतींत निर्दोष असेल.

सगळा वाद या परंतुकातच आहे. कंपन्या ‘नाव समान असलं तर चालतं’ एवढंच वाचतात. पंख्याच्या जाहिरातीत पंखा फिरतो, त्याची किंमत, हवा, वॉरंटी सांगितली जाते. त्या फिल्ममधून नाव झाकलं तरी ती पंख्याचीच राहते. तुमच्या ४० सेकंदांतून नाव झाकलं तर काय उरतं? राजवाडा आणि गाडी. वेलदोड्याचा वास, दाण्याचा आकार, किंमत, चहात किंवा श्रीखंडात तो घालावासा वाटेल असं काहीच उरत नाही. वकिलाच्या आधी दिग्दर्शकालाच ही कसोटी लावता येते.

दंडही सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम २१ : उत्पादक किंवा जाहिरातीत शिफारस करणाऱ्याला १० लाखांपर्यंत, पुन्हा भंग केल्यास ५० लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्याला एक वर्षापर्यंत, नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी. जो जाहिरात प्रसिद्ध करतो किंवा प्रसिद्धीत सहभागी असतो, त्यालाही १० लाखांपर्यंत. मार्गदर्शक तत्त्वं जाहिरातसंस्थांनाही लागू आहेत. नटाने दाव्यांची योग्य खातरजमा केली असेल तर तो सुटू शकतो. म्हणून खातरजमेचे कागद जपून ठेवायचे.

दंतारोग्य_सांगली
‘वेलचीने कर्करोग होत नाही’ हे खरंच आहे. पण त्या नावाचा जो मुख्य माल, तो तंबाखूविरहित पानमसाला निरुपद्रवी आहे, अशी समजूत या धाग्यावर राहू नये. पानमसाल्यात सुपारी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला गट १ मध्ये टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेला पदार्थ. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक आणि पांढरट होतं, तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत, तिखट सहन होत नाही, ही सुरुवातीची लक्षणं. झालेला ताठरपणा औषधाने पूर्ववत होत नाही.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के प्रौढ होते. आपल्याकडे तंबाखू ओढली जात नाही, चघळली जाते. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे; ती अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ३०(२)(अ) खाली एका वर्षासाठीच घालता येते, म्हणून आदेश दरवर्षी नव्याने काढावा लागतो. २०१२ च्या आदेशात पानमसालाही होता. तरी बाजाराने वाट काढली : पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, गिऱ्हाईक टपरीवरच दोन्ही मिसळतं. तुमच्या फिल्ममधलं नाव त्या पहिल्या पुडीवर आहे. मोठ्या नटाच्या तोंडून नाव ऐकलेला आठवीतला मुलगा टपरीवर वेलदोडा मागत नाही.

नटांविषयी : ज्या वस्तूच्या वेष्टनावर कायद्याने आरोग्याचा इशारा छापावा लागतो, तिच्या जाहिरातीत प्रसिद्ध व्यक्तींनी येऊ नये असं ॲस्कीची संहिता सांगते. पानमसाल्यावर तो इशारा असतो, आणि १ मे २०२३ पासून तो पाकिटाच्या दर्शनी भागाच्या ५० टक्के हवा. म्हणून नट पानमसाल्याऐवजी इलायचीच्या फिल्ममध्ये दिसतात. इलायची का निवडली, याचं उत्तर इथे आहे.

लाइनप्रोड्यूसर_गोरेगाव
कराराविषयी लिहितो. तीन जाहीर प्रकरणांतून जे शिकता येतं ते कागदावर उतरवायला हवं.

२०१६ मध्ये पिअर्स ब्रॉस्नन यांनी पानमसाल्याच्या एका जाहिरातीबद्दल खेद व्यक्त केला. आपण एकाच, अपायकारक घटक नसलेल्या मुखशुद्धीच्या वस्तूसाठी करार केला होता आणि आपली प्रतिमा इतर मालासाठी वापरली गेली, असं त्यांचं म्हणणं. शिकवण : वस्तूची व्याख्या करारात बारकाईने हवी. ‘अमुक ब्रँड’ असं कधीही लिहू नये. वस्तूचं पूर्ण नाव, घटक, वजन, अन्न परवाना क्रमांक आणि वेष्टनाचा फोटो परिशिष्ट म्हणून जोडावा. फुटेज, आवाज, संगीत आणि स्थिरचित्रं याच वस्तूसाठी. दुसऱ्या मालाच्या वेष्टनावर, फलकावर, वितरकांच्या बैठकीतही नाही, असं स्पष्ट लिहावं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमिताभ बच्चन एका पानमसाला ब्रँडमधून बाहेर पडले, पैसे परत केले. तरी फिल्म दिसत राहिल्याने त्यांच्या बाजूने नोटीस गेली. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमार यांनी इलायचीच्या जाहिरातीबद्दल माफी मागितली, पण करारातली मुदत संपेपर्यंत जाहिरात चालू राहू शकते हेही सांगितलं. शिकवण : बाहेर पडण्याच्या कलमाबरोबर फिल्म उतरवण्याचं कलम हवं. किती दिवसांत, कोणकोणत्या माध्यमांतून, यूट्यूबच्या कोणत्या चॅनेलवरून, आणि उतरवली नाही तर दिवसाला किती रक्कम.

एजन्सी बहुधा हमीपत्र पुढे करते : ‘कायदेशीर जबाबदारी आमची, तुम्ही निर्धास्त राहा.’ अशा हमीने फार तर पैशांचं नुकसान भरून निघतं. फौजदारी जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आणि मोठा धोका वेगळाच आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३ प्रमाणे बेकायदा हेतूचा करार रद्दबातल असतो. फिल्म कलम ५ चा भंग करणारी ठरली, तर अडकलेलं उरलेलं अर्धं बिल कोर्टातून वसूल करणंही अवघड होतं. जीएसटी भरून बसलेल्या छोट्या संस्थेला हा फटका दंडापेक्षा जास्त बसतो.

लाइटमनच्या पोटाचा मुद्दा पाचवा_पडदा यांनी काढला, तो मला महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच ब्रँडचं नाव कॉलशीटवर आणि त्याआधी माणसं घेताना सांगायला हवं. ‘फूड क्लायंट आहे’ एवढंच सांगून सकाळी सहाला सेटवर आणलेल्या माणसाला नकार द्यायची सोयच उरत नाही. ज्याला नको असेल त्याला त्या दिवसापुरतं बाजूला राहता आलं पाहिजे आणि पुढच्या कामात त्याचा राग काढायचा नाही. फ्रेममध्ये मुलं तर अजिबात नकोत. सेटवर मुलाच्या हातात कोणी खरी पुडी दिली, तर बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ लागतं : सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

वऱ्हाडी_माणूस
तुम्ही लोक टीव्हीचंच बोलून राहिले. आमच्याकडे खर्ऱ्याच्या टपरीचा रंगच जाहिरात असतो. पूर्ण टपरी पुडीच्या रंगात रंगवून देतात, वर नावाची फ्लेक्स फुकट. हे चालतं का? फ्लेक्स छापणाऱ्याला आणि रंगाऱ्याला काय सांगावं?

कोर्टकचेरी
चालत नाही. विक्रीच्या जागी कलम ५ ने सवलत दिली आहे, पण ती अगदी मोजून-मापून. फलक ६० सेंटिमीटर बाय ४५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको आणि दोनांपेक्षा जास्त नकोत. वरच्या बाजूला २० बाय १५ सेंटिमीटरचा इशारा, भारतीय भाषेत, पांढऱ्यावर काळा. फलकावर फक्त मालाचा प्रकार लिहायचा : ‘विडी’, ‘सिगारेट’, ‘तंबाखू’. ब्रँडचं नाव, पाकिटाचं चित्र, घोषवाक्य नाही. मागून दिवा लावलेला किंवा उजळवलेला फलकही नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या अंतरिम स्थगितीमुळे हे २००५ चे नियम बरीच वर्षं अडकले होते. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०१३ ला ती स्थगिती उठवली. ‘तो नियम स्टेवर आहे’ हे वाक्य अजूनही वितरकांच्या तोंडी असतं. ते जुनं झालं.

टपरीचे रंग अप्रत्यक्ष जाहिरातीच्या व्याख्येत येतात. आर्थिक लाभासाठी भिंत, खांब, वाहन यांवर जाहिरात लावणं कलम ५(२) मध्ये येतं, त्यामुळे रिक्षाच्या पाठीवरची फ्लेक्सही त्यातच. फ्लेक्सवाल्याला माप आणि मजकूर दोन्ही सांगा. या मापाबाहेरचं काम आलं तर छापू नये. वेगळा फलक बंधनकारक आहे तो हा : १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूविक्री दंडनीय गुन्हा आहे, किमान ६० बाय ३० सेंटिमीटर. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत तर विक्रीच नाही.

मांडवीकाठ
गोव्यातून एक पुरवणी. आमच्याकडे गुटखाबंदी २००५ पासून, म्हणजे महाराष्ट्रातल्या २०१२ च्या बंदीच्या आधी. इथे प्रश्न फिल्मपेक्षा कार्यक्रमांचा जास्त. संगीत महोत्सवात कंपनीचा ‘लाउंज’, ठरावीक रंगांची बैठक, फुकट लायटर, आणि ते सगळं टिपायला रील करणारी मुलं. कलम ५(३) प्रायोजकत्व, भेट, बक्षीस किंवा शिष्यवृत्तीच्या बदल्यात तंबाखूचा किंवा तिच्या नावाचा प्रचार करायला मनाई करतं. क्रिकेटला सिगारेटच्या नावाचे चषक असायचे. १९९६ चा विश्वचषकही सिगारेटच्या नावानेच झाला. ती सिगारेट बनवणारी कंपनी २००१ मध्ये खेळांच्या प्रायोजकत्वातून बाहेर पडली, पण छोट्या कार्यक्रमांत तोच प्रकार रंगांच्या रूपाने चालतो.

व्हेपची रील तर अजिबात करू नये. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री आणि जाहिरात, सगळंच बंद आहे. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढे तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. ‘यात निकोटिन नाही, फक्त फ्लेवर आहे’ असं विक्रेता सांगतो, पण व्याख्येत निकोटिन असो वा नसो, यंत्रच आलं आहे.

निळाई
एक वेगळा प्रकार विचारते. तंबाखू कंपनीच्या सामाजिक निधीतून ‘मुलांनो, तंबाखूपासून दूर राहा’ अशी फिल्म करायची असेल तर? काम तर चांगलं वाटतं.

दंतारोग्य_सांगली
निळाईताई, सर्वांत जपून घ्यायचं काम हेच. अमेरिकेत फिलिप मॉरिस कंपनीने १९९८ पासून मुलांसाठी ‘विचार करा, ओढू नका’ अशा अर्थाची मोहीम चालवली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिची तुलना स्वतंत्र संस्थेच्या ‘ट्रूथ’ मोहिमेशी केली गेली. कंपनीची फिल्म पाहिलेल्या मुलांचं तंबाखू उद्योगाविषयीचं मत उलट अनुकूल झालेलं आढळलं. ‘हे मोठ्यांसाठी आहे, तू अजून लहान आहेस’ या संदेशाने तेराव्या वर्षी नेमकी ओढच वाढते. अशा फिल्ममध्ये अपाय, व्यसन, कंपनीचा नफा यांबद्दल अवाक्षर नसतं.

पैसे कोणाचे आणि शेवटच्या फ्रेमवर बोधचिन्ह कोणाचं, हे दोन प्रश्न आधी विचारा. तंबाखूविरोधी फिल्म करायचीच असेल तर रुग्णालय, आरोग्य विभाग किंवा शाळेबरोबर करा, आणि शेवटी मदतीचा क्रमांक द्या. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवा १८००-११-२३५६ मोफत आहे. तो क्रमांक किमान चार सेकंद पडद्यावर ठेवावा आणि तोंडीही सांगावा. ज्यांना गरज आहे त्यांतले बरेच जण वाचत नाहीत, ऐकतात.

पाचवा_पडदा
आकडे आणि कलमं वाचून माझा एक मुद्दा मागे घेतो. पंख्याची तुलना या स्क्रिप्टला लागू होत नाही. ‘दुसरा कोणी करेलच’ हे मात्र खरं आहे, पण ते करण्याचं कारण होऊ शकत नाही, हेही मान्य.

कट_टू_कट
सगळ्यांचे आभार. शेवटचं व्यवहाराचं विचारतो. एजन्सीला थेट ‘नाही’ म्हणण्याआधी कोणते कागद मागायचे आणि कधी?

लाइनप्रोड्यूसर_गोरेगाव
आगाऊ रक्कम खात्यात येण्याआधी. एकदा ती आली की तारखा, नट, राजवाडा सगळं बांधलं जातं आणि नकार महाग पडतो. मेलवर मागा : त्या इलायचीचा अन्न परवाना, मागच्या तीन वर्षांची फक्त त्या वस्तूची उलाढाल, सनदी लेखापालाच्या सहीची, जाहिरातीचं वार्षिक अंदाजपत्रक, ॲस्कीचे निकष पूर्ण होतात याचं प्रमाणपत्र, टीव्हीवर जाणार असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र कोण आणि कधी घेणार. बाजारातलं खरं पाकीटही मागवा, आणि त्याच नावाच्या पानमसाल्याच्या व तंबाखूच्या पुड्यांशेजारी ठेवून फोटो काढा. रंग आणि अक्षरांची ठेवण सारखी दिसली तर तो फोटोच उत्तर आहे.

कोर्टकचेरी
त्यात एक भर. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधा, फुकट आहे. वर्ग ३४ म्हणजे तंबाखू, वर्ग ३० मध्ये मसाल्याचे पदार्थ. ३४ मध्ये नोंदणी वीस-पंचवीस वर्षं जुनी आणि ३० मध्ये अर्ज परवा-परवाचा असेल, तर नाव कोणत्या मालाचं आहे ते तारखाच सांगतात. त्या पानाची तारखेसह प्रत फाइलला लावा. आणि फोनवर ‘कागद येतील, तुम्ही शूट लावा’ असं उत्तर आलं, तर त्या फोनचा सारांश त्याच दिवशी मेलने एजन्सीला पाठवा आणि तारखा लॉक करू नका.